आवाज तुला येतो, साहेबांना येत नाही

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय २३. आयटीआय झाल्यावर भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटी म्हणून लागले. दीड वर्षापासून अल्ट्रासॉनिक वेल्डिंगच्या मशीनवर आहे. जॉब, म्हणजे जोडायचा भाग, फिक्स्चरमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून हॉर्न, म्हणजे मशीनचा थरथरणारा धातूचा दांडा, येऊन टेकतो आणि दिव्याची काच बॉडीला चिकटते. प्रत्येक वेळी कानाच्या आत टोचणारी बारीक शिट्टी येते. दुपारनंतर डोकं जड होतं, मळमळतं. घरी आल्यावर कानांना दडे बसलेले असतात, रात्री सगळं शांत झालं की सूं आवाज चालू. सुपरवायझर साहेब पन्नाशीचे आहेत. ते मशीनपाशी उभे राहून म्हणाले, “अगं, हे अल्ट्रासॉनिक आहे, माणसाला ऐकूच येत नाही. तुलाच कसं येतं?” लाइनवर सगळे हसले. शेजारच्या मुलीलाही त्रास होतो, पण ती बोलत नाही. कंपनीत कानांची तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. आई म्हणते, कुठे बोलू नकोस, स्थळं येतायत, बहिरी म्हणून नाव पडेल. ती कानात लसणाचं तेल घालते. मला भास होतोय का? नोकरी सोडू का? भाऊ शिकतोय, घर बरंचसं माझ्या पगारावर आहे.
– एक वाचक, भोसरी

उत्तर:

तुला भास होत नाहीये. आणि तुझे साहेबही खोटं बोलत नसावेत. त्यांना तो आवाज खरोखरच ऐकू येत नसेल. मला ऐकू येत नाही म्हणजे आवाजच नाही, असं त्यांनी धरून चालणं हे मात्र चूक आहे, आणि त्याची किंमत तुझे कान मोजतायत.

लहान वयात माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा मोठा तितका आवाज बारीक, आणि हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ). वय वाढतं तशी ही सगळ्यात वरची पट्टी आधी जाते. पन्नाशीत पुष्कळांना १२-१४ हजारांच्या वरचं काही ऐकू येत नाही, आणि ज्याची उमेदीची वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या आवाजात गेली त्याचं तर त्याहूनही खाली थांबतं. तू २३ वर्षांची आहेस. तुझी वरची पट्टी अजून शाबूत आहे, म्हणून तुला टोचतं.

तुझ्या मशीनच्या जनरेटरवर, म्हणजे त्याला कंपनांसाठी वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एक पाटी लावलेली असेल, तिच्यावर आकडा बघ. वेल्डिंगची मशीन बहुतेक करून २० किलोहर्ट्झची असतात, काही १५ ची, लहान जॉबसाठी ३०, ३५ किंवा ४० ची. १५ किलोहर्ट्झ म्हणजे तरुण कानाला सरळ ऐकू येणारा आवाज. २० हा अगदी काठावरचा. शिवाय २० च्या मशीनमधून त्याच्या निम्म्या, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आसपासचाही आवाज निघू शकतो. जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसला नसेल, हॉर्न झिजला असेल किंवा त्याचा बोल्ट सैल असेल, तर प्लास्टिक थरथरून जी किंकाळी निघते ती वेगळीच. हॉर्नपाशी या आवाजाची पातळी १०० डेसिबलच्या वर जाणं नवलाचं नाही, आणि तुझं डोकं त्यापासून हातभर अंतरावर. दोन्ही हात सुरक्षेसाठी बटणांवर अडकलेले, म्हणजे क्षणभर कान झाकायचीही सोय नाही.

तुझी तक्रार नवी नाही हेही तुला माहीत असावं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या ॲक्टन आणि कार्सन या दोघांनी १९६७ मध्ये अल्ट्रासॉनिक मशीनांजवळ काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोकेदुखी, मळमळ, थकवा, कानात दडे, कान वाजणं, हे सगळं त्यात आहे. त्रास मुख्यतः तरुण मुलींना होत होता. त्याच खोलीतल्या पुरुषांना फारसा होत नव्हता, कारण त्यांचं त्या पट्टीतलं ऐकणं आधीच कमी झालेलं होतं. ज्याला तो आवाज ऐकू येत होता त्यालाच त्रास होत होता. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, आणि आजही एखाद्या मुलीला लाइनवर हसून गप्प बसवलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

आता कानाचं काय होतं ते. आवाज ओळखणाऱ्या बारीक केसपेशी आतल्या कानातल्या शंखात ओळीने बसलेल्या असतात. सगळ्यात उंच पट्टीच्या पेशी शंखाच्या तोंडाशी, खालच्या पट्टीच्या आत खोलवर. वाटेलगतची ज्वारी आधी तुडवली जाते तशा या तोंडाशी असलेल्या पेशी आधी दमतात आणि आधी मरतात. दमलेल्या पेशी विश्रांतीनंतर सावरतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुला बरं वाटत असणार. मेलेली केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही. रोज संध्याकाळी बसणारे दडे आणि रात्रीचा सूं आवाज म्हणजे पेशी रोज दमतायत. रोज दमणाऱ्या पेशी कधीतरी सावरायच्या थांबतात.

या मशीनांमुळे माणूस ठार बहिरा होतो असं मी तुला सांगणार नाही, कारण तसा पुरावा नाही. पोलंडमध्ये १९८० च्या दशकात अल्ट्रासॉनिक मशीनवरच्या कामगारांचे कान तपासले, तेव्हा १०,००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत घट दिसली. तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तर १३ ते १७ हजार हर्ट्झमध्ये वर्षाला साधारण एक डेसिबल या वेगाने ती वाढत होती. रोजच्या बोलण्याच्या पट्टीला तशी इजा झाल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही. पण वरची पट्टी गेली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये, चार जण एकदम बोलत असताना समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला याच वरच्या पट्टीचा आधार लागतो. आणि डोकेदुखी, मळमळ, रात्री झोप नाही, हा त्रास तर आजचाच आहे.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा? कारण नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच बघते. बोलणं ऐकण्यासाठी एवढी पट्टी पुरते, म्हणून तपासणी तशी बेतलेली आहे. तुझी तक्रार त्याच्या वरची आहे. जिथे बघितलंच नाही तिथलं नॉर्मल कोण सांगणार? तरीही तो रिपोर्ट फेकू नकोस. त्याची प्रत मागून घे, देत नसतील तर लेखी माग. ८,००० पर्यंत तुझे कान आज चांगले आहेत याचा तो पुरावा आहे आणि पुढे तो उपयोगी पडेल. कंत्राटी मुलींची कामावर घेतानाची तपासणी पुष्कळ ठिकाणी होतच नाही. त्यामुळे आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कधी सिद्धच करता येत नाही. या सगळ्या विषयात मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट ही आहे.

तुला जी तपासणी हवी आहे ती म्हणजे ‘एक्स्टेंडेड हाय फ्रीक्वेन्सी ऑडिओमेट्री’, १६,००० हर्ट्झपर्यंतची. त्याला वेगळे हेडफोन लागतात आणि सगळीकडे ती होत नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून नेमकं हेच विचार. चिंचवडला मोहननगरचं ईएसआयसी (कामगार विमा) रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखव आणि तिथे ही सोय नसेल तर जिथे आहे तिथली चिठ्ठी माग. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. तपासणी गुरुवारी, तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कर. आवाजापासून निदान चौदा-सोळा तास दूर राहिल्यावरच खरा आकडा कळतो. शिफ्ट संपवून थेट गेलीस तर दमलेला कान आणि कायमचा बिघडलेला कान यातला फरक कळणार नाही. आदल्या रात्री इअरफोनवर गाणी नकोत.

डॉक्टरांना मशीनचा आकडा सांग, रोज किती जॉब होतात ते सांग, आणि आसपास आणखी काय आहे तेही. मोल्डिंगच्या हॉलमध्ये धूळ उडवायला एअर गन असते ना? तिचा फवारा कानाला या मशीनइतकाच, कधी त्याहूनही वाईट. त्याने होणारी इजा आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते, म्हणजे नेहमीच्या रिपोर्टमध्येही सापडते. जॉब पुसायला थिनर वापरता का? थिनरमधलं टोल्युइन श्वासातून रक्तात जातं आणि कानाच्या पेशींना स्वतंत्रपणे इजा करतं. आवाज आणि टोल्युइन एकत्र आले तर नुकसान नुसत्या आवाजापेक्षा जास्त. हे डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही, म्हणून तू होऊन सांग.

यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. इतका उंच आवाज अडवायला सगळ्यात सोपा असतो. २० किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ॲक्रिलिकच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या साध्या पत्र्यानेही तो पुष्कळ अडतो. मशीनला तिन्ही बाजूंनी आणि वरून पारदर्शक पेटी, आतून फोमचं अस्तर, समोर वेल्डिंग चालू असताना बंद राहणारा दरवाजा, एवढं केलं तर तुझं अर्ध्याहून जास्त दुखणं जागच्या जागी थांबेल. फट राहू द्यायची नाही, कारण हा आवाज फटीतून सरळ बाहेर पडतो. कंपनीला हा फार मोठा खर्च नाही. तुमच्याच मेंटेनन्सचा माणूस चार दिवसांत हे बसवू शकेल. हॉर्न तपासून घेणं, बोल्ट आवळणं, फिक्स्चरमध्ये जॉब घट्ट बसवणं, ही तर रोजच्या देखभालीतली कामं आहेत. किंचाळणाऱ्या मशीनचं वेल्डही बऱ्याचदा कच्चं असतं. साहेबांना तुझ्या कानांची गोष्ट पटली नाही तरी रिजेक्शनची पटेल, तीच आधी सांग. ज्या विभागात अल्ट्रासॉनिक क्लीनिंगच्या, म्हणजे अशाच कंपनांनी भाग धुण्याच्या, टाक्या आहेत तिथल्या मुलींनाही सांग: टाकीचं झाकण लावल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, आणि चालू टाकीत हात घालायचा नाही.

मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपने काही सिद्ध करायला जाऊ नकोस. त्याचा माइक या पट्टीत भरवशाचा नाही. सेफ्टी ऑफिसर त्यांचं मीटर आणून दाखवतील आणि म्हणतील, बघ, ८५ च्या खाली आहे. ते मीटर बहुधा ‘डेसिबल-ए’ मध्ये मोजत असतं, आणि त्या मोजमापात उंच पट्टीचा आवाज मुद्दाम कमी धरलेला असतो. कारखान्यांच्या नियमांतली आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादाही याच मापाची. अल्ट्रासॉनिक मशीनसाठी एकेक पट्टी वेगळी मोजावी लागते, ४० किलोहर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या मायक्रोफोनने. इंटरनॅशनल रेडिएशन प्रोटेक्शन असोसिएशनने १९८४ मध्ये कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा २० किलोहर्ट्झच्या पट्टीत ७५ डेसिबल आहे, आणि २५ पासून पुढे ११०. हा फरक बघ म्हणजे कळेल की काठावरचा, जेमतेम ऐकू येणारा आवाज तज्ज्ञांनी किती जपून धरला आहे. सेफ्टी ऑफिसर ऐकणारे असतील तर त्यांना हे दोन आकडे दाखव. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथून औद्योगिक आरोग्याच्या मोजमापाबद्दल कंपनीला मार्गदर्शन घेता येतं.

पेटी बसेपर्यंत फोमचे इअरप्लग वापर, आणि आजपासून वापर. उंच पट्टी ते चांगली अडवतात, पण नीट घातले तरच. प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेर लोंबत असेल तर तो घातलाच नाही असं समज. कानावरचे मफ दिले असतील तर स्कार्फ, टोपी किंवा केस त्यांच्या खाली येऊ देऊ नकोस, त्या बारीक फटीतून सगळा आवाज आत येतो. कापसाचे बोळे निरुपयोगी. आईला सांग, लसणाचं तेल पूर्ण बंद. हे दुखणं पडद्याच्या पलीकडचं आहे, तेल तिथवर पोचत नाही. वर कान भाजला किंवा बुरशी झाली तर तेही निस्तरावं लागेल.

बोलायचं कोणाशी? एकटी जाऊ नकोस. शेजारची जी मुलगी गप्प आहे तिला आधी विश्वासात घे. कँटीनमध्ये विचारलंस तर आणखी दोघी-तिघी निघतील, आणि त्या बहुतेक पंचविशीच्या आतल्याच असतील. मग सेफ्टी ऑफिसरला लेखी द्या: मशीन कोणतं, त्रास कोणता, कधीपासून, आणि मागणी एकच, मशीनला पेटी. भाषा साधी ठेवा, कोणावर आरोप नको. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. महिनाभरात काही हाललं नाही तर कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवणं निरीक्षकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. कंत्राटदार म्हणेल कंपनीला विचार आणि कंपनी म्हणेल कंत्राटदाराला. कारखान्याच्या आतल्या सुरक्षेची जबाबदारी कारखानदाराचीच असते, तू कोणाच्या हजेरीपटावर आहेस यावर ती ठरत नाही.

तुझा पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असणार. पगाराच्या स्लिपवर बघ आणि तुझा विमा क्रमांक लिहून ठेव. आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं आहे, त्यासाठी ईएसआयकडून किंवा नुकसानभरपाईच्या कायद्याखाली पैसे मिळू शकतात. पण अपंगत्वाची टक्केवारी बोलण्याच्या पट्टीवर काढतात. वरच्या पट्टीतली घट त्यात धरली जात नाही, त्यामुळे भरपाईच्या आशेवर थांबण्यात तुझा फायदा नाही.

आता नोकरीचं. आज सोडू नकोस. घर तुझ्यावर आहे, आणि पुढची नोकरी अशाच मशीनवर मिळणार नाही याची खात्री काय? आधी तपासणी, प्लग आणि अर्ज, हे तिन्ही या महिन्यात कर. सोबत जागा बदलून माग. असेंब्ली, पॅकिंग किंवा क्वालिटीला टाका, किंवा निदान दर दोन तासांनी मशीनवरचा माणूस बदला. लाइनवर रोटेशन असतंच, तुला फक्त त्यात बसवायचं आहे. वरच्या पट्टीच्या तपासणीत घट दिसली आणि तरीही कंपनीने पेटीही बसवली नाही, जागाही बदलली नाही, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: तिथून निघ. दुसरी नोकरी हातात घेऊन निघ, पण निघ. सहा महिन्यांपेक्षा जास्त वाट बघू नकोस.

आईचं भय मला समजतं. पोरीच्या नावापुढे काही लागू नये असं तिला वाटणारच. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तिला घेऊन जा, आणि तपासणीचा आलेख समोर ठेवून डॉक्टरांना तिच्याशी बोलू दे. तुझं रोजचं ऐकणं आज व्यवस्थित आहे. स्थळाला सांगावं असं यात काही नाही, आणि लपवावं असंही काही नाही. ज्या घरात तू जाशील तिथे “मी वेल्डिंगच्या मशीनवर काम करते आणि कानाला प्लग लावते” हे तुला मोकळेपणाने सांगता यायला हवं. तपासणी लग्नानंतर करू, असं म्हणून पुढे मात्र ढकलू नका. लग्न ठरायला दोन वर्षंही लागतील, आणि तोवर तू रोज त्याच हॉर्नसमोर बसलेली असशील.

एक शेवटची सूचना, तुझ्या शेजारच्या मुलीलाही सांग. कधी एका कानाने अचानक, काही तासांत किंवा एका रात्रीत, ऐकू येणं बंद झालं, किंवा त्यासोबत गरगरायला लागलं, तर ते या मशीनचं दुखणं समजून बसू नका. शिफ्ट सोडायची आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच ऐकणं परत येण्याची चांगली शक्यता असते. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी कोणी जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन लिहून दिलं, तर तू आवाजात काम करतेस आणि तुझे कान वाजतात हे सुई टोचण्याआधी सांग. ती औषधं कानाच्या याच पेशींवर जातात, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांना दुसरं औषध देता येतं.

१६ हजारांपर्यंतचा रिपोर्ट आला की मला पाठव. दोन्ही कानांचे आकडे आणि तपासणीची तारीख त्यावर आहे ना, तेवढं बघून घे.